सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी

आमच्या कॉलेजात वसंत ऋतू जावक क्रमांक घेऊन येतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयाच्या दारावर पहिली सूचना चिकटते, तिच्याखाली प्राचार्यांची सही आणि सहीवर गोल शिक्का उमटतो, की समजायचं, ऋतुराज रुजू झाले. तिथून परीक्षा संपेपर्यंत रोज कागद. झाडांना पालवी फुटायच्या आत भिंतींना फुटते.

एरवी जळगावात वसंत ही ऐकीव गोष्ट आहे. स्वेटर धुऊन ठेवणं आणि कूलरचं गवत बदलून घेणं, या दोन कामांच्या मध्ये जी काही फट सापडते तो आमचा वसंत. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात पंचेचाळिशीच्या घरात मुक्कामाला जातो. बालकवी आमच्या शेजारच्या धरणगावचे. अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेली त्यांची कविता श्रावणावर आहे, वसंतावर नाही, हे मी वर्गात मुद्दाम सांगतो. खानदेशात जन्मलेला माणूस निसर्गाबद्दल लिहायला बसला तर पावसाचीच वाट बघणार.

मी पिंप्राळ्यात राहतो आणि रेल्वे लाईनच्या पलीकडे एका कॉलेजात मराठी शिकवतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण माझी नेमणूक तासिका तत्त्वावर आहे आणि यंदाचं सत्र अजून संपायचं आहे. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास शिकवाल तितक्या तासांचं मानधन. उरलेल्या वेळात संस्थेवर प्रेम करायचं. या प्रेमाच्या खात्यात माझ्याकडे सूचना लिहिण्याचं काम आलं.

प्राचार्य म्हणाले, "तुम्ही मराठीचे ना? मग सूचना तुम्हीच काढत जा."

मी म्हटलं, "सर, माझा विषय मध्ययुगीन वाङ्मय आहे."

"उत्तम. आम्हाला जुनीच भाषा लागते."

आता मध्ययुगीन वाङ्मयाबद्दल लोकांचा हा समज बरोबर नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' लिहिलं, त्यातली वाक्यं छोटी, सरळ आणि बोलल्यासारखी आहेत. म्हाइंभटांना स्मरून मी माझी पहिली सूचना लिहिली: 'उद्या ग्रंथालय बंद राहील.' कार्यालयीन अधीक्षकांनी ती चष्म्याच्या वरून वाचली आणि चष्म्याच्या खालून परत केली.

"सर, ही सूचना आहे की निरोप?"

मग त्यांनी ती स्वतः दुरुस्त केली. 'उपरोक्त विषयास अनुसरून महाविद्यालयातील सर्व नियमित, बहिःस्थ व अनुत्तीर्ण विद्यार्थी, विद्यार्थिनी, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी व अन्य संबंधित घटक यांना याद्वारे सूचित करण्यात येते की' इथून जी सुरुवात झाली ती आर्थिक वर्षअखेर, वार्षिक ग्रंथमोजणी, मागील तीन परिपत्रकांचे संदर्भ अशी वळणं घेत 'उद्या ग्रंथालय'पर्यंत आली, आणि तिथे पान संपलं. 'बंद राहील' दुसऱ्या पानावर गेलं. दुसरं पान छापायच्या वेळी प्रिंटरची शाई संपली. पहिलं पान दारावर लागलं. वर्षभरात ग्रंथालयाकडे कधी न फिरकलेली पोरं दुसऱ्या दिवशी तिथे गोळा झाली. 'उद्या ग्रंथालय' म्हणजे काहीतरी कार्यक्रम असून नाश्ता असेल, असा त्यांचा अंदाज होता.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत ते १९९० साली स्थापन झालं आणि २०१८ साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. बहिणाबाई असोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात, जात्यावर सुचलेलं त्या म्हणत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ते उतरवून घेतलं, आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. कागदाला हात न लावता त्या बाईंचं म्हणणं घराघरांत पोचलं. माझं तीन पानी परिपत्रक पहिल्या मजल्यावर पोचत नाही, आणि तिथे लिफ्ट आहे.

नाही म्हणायला वर्गापर्यंत सूचना पोचवण्याची एक जुनी सोय आमच्याकडे आहे. आबा. आबा म्हणजे आमचे शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. लाल कापडी पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना झिजून आतला पुठ्ठा बाहेर आलेली सूचना वही काखेत मारून ते वर्गाच्या दारात उभे राहतात, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर जो प्रकाश पडतो तो मला वर्षभर शिकवूनही पाडता आलेला नाही. वही आली म्हणजे सुट्टी, ही श्रद्धा. निदान सकाळचं सत्र. तेही नसेल तर कोणीतरी थोर माणूस गेला असेल, अशी आशा. मी वही उघडतो. वर्ग श्वास रोखतो. मी वाचतो: 'सर्व विद्यार्थ्यांनी ओळखपत्र गळ्यात घालावे.' वर्ग श्वास सोडतो. पुढची दहा मिनिटं कोणाला समासाचे प्रकार ऐकू येत नाहीत. शिवाय वही इतकी जड आहे आणि वर्ग इतके, की सोमवारची सूचना गुरुवारी शेवटच्या वर्गात पोचते. 'आज दुपारी सभागृहात जमावे' हे तिथल्या मुलांनी गुरुवारी ऐकलं आणि ती बिचारी खरंच जाऊन बसली.

कार्यालयासमोर काचेचा फलक आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली दोन प्राचार्यांपूर्वी निवृत्त झालेल्या एका लेखनिकांबरोबर गेली असं म्हणतात. आत कबड्डीच्या निवड चाचणीची सूचना आहे. उन्हाने कागद पिवळा पडून कडा वळल्या आहेत, टाचण्यांनी गंजून स्वतःभोवती तपकिरी चंद्र काढले आहेत, आणि 'इच्छुक खेळाडूंनी' यातला 'इच्छुक' कसरीने खाल्ला आहे. नव्या सूचना काचेवर बाहेरून चिकटवतात. सगळ्यात वर दिसते ती सगळ्यात ताजी, असं मात्र नाही. ज्या विभागाचा डिंक चांगला, त्याची सूचना टिकते. वाणिज्य विभाग या बाबतीत आघाडीवर आहे.

एका पोराला मी विचारलं, "परीक्षेचा फॉर्म का नाही भरलास? बोर्डावर सूचना होती."

तो म्हणाला, "सर, बोर्डावर तर कबड्डीचं लावेल आहे."

"बाहेरून बघायचं रे."

"बाहेरून महिला दिनाचं लावेल होतं, सर. मी काय महिला आहे?"

मोबाईलने हे सगळं सोपं होईल असं वाटलं होतं. 'बी. ए. द्वितीय वर्ष' असा गट काढला. त्यावर सुविचार येऊ लागले, म्हणून 'बी. ए. द्वितीय अधिकृत' काढला. त्यावर वाढदिवस सुरू झाले, म्हणून 'बी. ए. द्वितीय अधिकृत, फक्त सूचना'. इथे शिस्त आहे. सूचना टाकली की पोरं लगेच 'ओके सर' म्हणतात. एकामागून एक सगळी म्हणतात. शेवटचं 'ओके सर' येईपर्यंत मूळ सूचना इतकी वर गेलेली असते की ती शोधायला उत्खनन करावं लागेल. मग कोणीतरी विचारतो, "सर, काय सूचना आहे?" आणि त्यालाही दोघे 'ओके सर' म्हणतात.

आता खरा हंगाम. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी मराठी भाषा गौरव दिन. घसा बसलेला असतानाच दुसऱ्या दिवशी रामन परिणामाचा विज्ञान दिन. ८ मार्चला महिला दिन. मग २० मार्चला चिमणी, २१ला एकाच दिवशी वन आणि काव्य, २२ला पाणी, २३ला शहीद दिन आणि त्याच तारखेला जागतिक हवामान दिन. मध्ये कुठेतरी होळी, आणि होळीच्या आदल्या दिवशी 'आवारात रंग खेळल्यास कडक कारवाई', जी वाचून मुलांना रंग आणायची आठवण होते.

पूर्वीही कॉलेजात कार्यक्रम होत. झाल्याचा पुरावा म्हणजे ऐकून आलेली माणसं. १९९४ साली नॅक स्थापन झाली, कॉलेजांना श्रेणी मिळू लागली, आणि हळूहळू माणसांच्या साक्षीची किंमत उतरली. आता अहवाल लागतो, हजेरीपत्रक लागतं, आणि जिओटॅग छायाचित्र लागतं. म्हणजे फोटोच्या खाली नकाशा, अक्षांश, रेखांश, वार, वेळ. व्याख्यान चांगलं झालं का, हे कोणी विचारत नाही. रेखांश आला का, हे विचारतात.

फोटो काढण्याचं काम अर्थातच प्रेमाच्या खात्यातून माझ्याकडे. माझ्या फोनच्या डोक्यात काय शिरलं होतं देव जाणे, पण त्याने आमच्या घरची जागा एकदा मनावर घेतली ती सोडलीच नाही. विज्ञान दिनाचा वक्ता सभागृहात बोलतोय, मागे बॅनर, पुढे समई, आणि खाली ठळक अक्षरांत 'पिंप्राळा, जळगाव, महाराष्ट्र'. महिला दिनही पिंप्राळ्यात. कवी संमेलनही पिंप्राळ्यात. कागदोपत्री पाहिलं तर संपूर्ण मार्च महिना आमच्या गच्चीवर पार पडला. आईला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "इतकी माणसं येऊन गेली, मग चहा कोणी केला?"

वर्षअखेरीला कागदपत्रं तपासायला बाहेरचे एक तज्ज्ञ आले. फाईल उलटता उलटता थांबले. माझ्या पोटात गोळा.

"हे पिंप्राळा काय आहे? इतके उपक्रम तिथे?"

प्राचार्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, क्षणभर छताकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आमचं विस्तार कार्य आहे, सर. कॉलेजने लोकांपर्यंत जायला पाहिजे."

"व्हेरी गुड," तज्ज्ञ म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या रकान्यात बरोबरची खूण केली. विस्तार कार्याला मूल्यांकनात खरोखरच गुण असतात. तेव्हापासून फोन दुरुस्त करायला मला सक्त मनाई आहे.

कार्यक्रमांचं स्वरूप ठरलेलं. पाहुणे पंचवीस मिनिटं बोलतात. त्याआधी दीपप्रज्वलन (पंखा बंद), स्वागत (पंखा चालू), प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. आणि नंतर अध्यक्षीय समारोप, जो करताना अध्यक्ष 'वेळेअभावी मी जास्त बोलणार नाही' असं सुरुवातीला आणि अर्ध्या तासाने पुन्हा सांगतात. आभार मानणारे आभार मानावे तेवढे थोडेच म्हणतात आणि थोडे मानत नाहीत. श्रोते कायमचे: राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं, आणि सभागृहात कूलर आहे म्हणून आलेली मुलं. दुसरा गट मोठा आहे. महिला दिनाला व्यासपीठावर पाच खुर्च्या होत्या आणि पाचही सर बसले होते. मॅडम मंडळी रांगोळी आटपून उपम्याकडे बघत होत्या. 'स्त्री आता सर्व क्षेत्रांत पुढे आहे' असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा ती खरोखरच पुढच्या दारातून प्लेटा घेऊन येत होती.

पाहुण्यांना हारतुरे देणं बंद करून आम्ही रोप देतो. पर्यावरणपूरक. रोप म्हणजे लाल-पिवळ्या पानांचं एक क्रोटन, काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत. ते पाहुण्यांच्या हातात जातं, फोटो निघतो, पाहुणे ते टेबलाखाली ठेवतात, आणि कार्यक्रम संपल्यावर विसरतात. गावाला परतताना बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन कोण बसणार? आबा ती उचलून पुन्हा नळाखाली ठेवतात. हंगामभर एकच क्रोटन सगळ्यांचा सत्कार करतं. एका पाहुण्यांना आम्ही दोनदा बोलावलं. त्यांनी कुंडी हातात घेतल्यावर तिच्या फुटलेल्या काठाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाढलंय हो."

पाण्याच्या दिवशी पाहुण्यांनी बोलता बोलता पाणी मागितलं. आबा रिकामा पेला घेऊन आले. व्यासपीठाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, नळाला दिवसाआड पाणी येतं. आज आड आहे." त्या दिवसाच्या अहवालात मी 'विषयाची प्रत्यक्ष अनुभूती देण्यात आली' असं लिहिलं.

पण या सगळ्यावर ताण केली ती चिमणीने. जागतिक चिमणी दिन सुरू केला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी, २०१० साली. तेव्हा महाराष्ट्रातल्या कॉलेजाने तो साजरा करायलाच पाहिजे. वक्ते ठरले, लाकडी घरटी मागवली, सूचना निघाली. आणि दोन दिवस आधी व्हरांड्यातला स्पीकर लागेना.

"आबा, स्पीकर बिघडला का?"

"बिघडला नाही सर. मी वायर काढेल आहे."

"का?"

"चिमणीनं घर करेल आहे त्याच्यात. तीन अंडे आहेत. तुम्ही 'हॅलो हॅलो' कराल अन् ते फुटतीन."

मी प्राचार्यांना सांगितलं. ते हबकले. "अहो पण परवा चिमणी दिन आहे! सूचना कशी देणार? घरटं काढा तिथून."

आबा म्हणाले, "लेखी द्या."

चिमणी दिनाच्या तोंडावर चिमणीला घराबाहेर काढण्याच्या आदेशावर सही करायला कॉलेजात कोणी तयार होईना. उपप्राचार्यांनी अधीक्षकांकडे बोट दाखवलं, अधीक्षकांनी नियमावलीकडे. शेवटी त्रिसदस्यीय समिती नेमली. प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं की अंडी उबायला दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी दोन. वाणिज्यच्या सरांनी विचारलं, स्थलांतराचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? तिसरा सदस्य मी, कारण इतिवृत्त कोणीतरी लिहायला हवं. समितीचा अहवाल मंजूर होईपर्यंत पिल्लं उडून गेली होती. प्रत्यक्ष दिनाच्या दिवशी लाकडी घरटी आवारातल्या कडुलिंबाला टांगली. त्यांच्यात अजून कोणी राहायला आलेलं नाही. चिमणीला व्हरांडा पसंत आहे. तिथे सावली आहे आणि ओळखपत्र कोणी विचारत नाही.

तर त्या महिनाभर आमचा स्पीकर मुका होता. 'हॅलो, चेक, वन टू थ्री' नाही, 'सर्वांनी शांतता राखावी' नाही, 'ज्यांनी दुचाकी प्राचार्यांच्या गाडीमागे लावली आहे त्यांनी' नाही. मला वाटलं, कॉलेज कोलमडेल. काय झालं? जी मुलं यायची ती आली, जी येत नसत ती आली नाहीत. प्रात्यक्षिकं झाली, जर्नलं तपासली गेली, बहिःस्थ परीक्षक आले, जेवले, गेले. सगळ्यांना सगळं वेळेवर कळलं. मी चक्रावलो आणि पोरांना विचारलं, "कळलं कसं?"

"नाना बोलले ना, सर."

नाना म्हणजे गेटसमोरची चहाची टपरी. सगळे शिपाई, लेखनिक, परीक्षकांचे ड्रायव्हर, फॉर्म भरून देणारे झेरॉक्सवाले आणि संस्थेचे दोन संचालक तिथे चहा पितात. नाना काही लिहून ठेवत नाहीत, सही करत नाहीत, आणि 'सर्व संबंधितांनी' म्हणत नाहीत. पोरगा आला की कप पुढे सरकवत म्हणतात, "भो, फॉर्म आजच नको भरू, तारीख वाढीन," आणि तारीख वाढते. मी चिकाटीने एकदा त्यांचा अंदाज चुकायची वाट पाहिली. शेवटी चहाच सुरू केला.

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. अख्खं गाव, आसपासची खेडी, माहेरी आलेल्या लेकी, सगळे बरोबर वेळेला रस्त्यावर असतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, चाकाला मोगरी कोणी लावायची, सगळं ठरलेलं. त्या रथासाठी गावाने कधी 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. हे मी प्राचार्यांना सांगितलं. त्यांनाही पटलं. म्हणाले, "छान मुद्दा आहे. यावर एक परिपत्रक काढा."

काढेन. सध्या मात्र घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. परीक्षेचा फॉर्म राहिलेला एखादा विद्यार्थी तुमच्या घरात असेल, तर त्याला सांगा की मुदत शुक्रवारपर्यंत वाढली आहे आणि विलंब शुल्क नाही. बोर्ड बघायला जाऊ नको म्हणावं, तिथे कबड्डी आहे. नानांकडे विचारून खात्री कर म्हणावं. माझी अधिकृत सूचना सोमवारी निघेल.